कमर्शियल बिल्डिंगमधे रेनवॉटर हार्वेस्टिंग: जमेल का, खर्च किती, सुरुवात कुठून करायची

टाकी कुठे बसवायची हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. आमच्याकडे तो पहिल्याच मीटिंगमधे आला आणि पुढचे चार-पाच महिने आम्ही सगळे त्या टाकीच्या मागे फिरत राहिलो, पार्किंगखाली बसेल का, मागच्या बाजूला बसेल का, किती हजार लिटरची घ्यायची, आणि या सगळ्यात पाणी नक्की वापरणार कुठे हे कोणी विचारलंच नाही. मी एका दोन मजली ऑफिस बिल्डिंगचं मेंटेनन्स बघते. तिथे हे काम फिजिबिलिटीपासून टाकीत पाणी पडेपर्यंत माझ्या डोळ्यासमोर झालं, त्यामुळे आता कोणी विचारलं की मी आधी बसवते आणि सांगते की बाबा, कंपन्यांना कोटेशनसाठी फोन करायच्या आधी हे एवढं स्वतः करा. इंजिनियर असायची गरज नाही. गुणाकार आणि थोडी चिकाटी पुरते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. ही सिस्टिम प्रत्येक बिल्डिंगला परवडतेच असं नाही. काही ठिकाणी हिशोब छान बसतो, काही ठिकाणी फक्त बागेपुरतं करावं आणि बाकी पाणी जमिनीत जिरवावं हेच शहाणपणाचं असतं. तुमची बिल्डिंग यातली कुठली हे खालच्या पायऱ्यांमधून कळेल.

आधी हे गोळा करा

कागद: मागच्या किमान १२ महिन्यांची पाण्याची बिलं (टँकर घेत असाल तर त्याच्या पावत्या पण), टेरेसचा प्लॅन, ड्रेनेजचं ड्रॉइंग, स्ट्रक्चरल ड्रॉइंग किंवा ऑडिट रिपोर्ट, माती परीक्षणाचा रिपोर्ट असेल तर तो, कूलिंग टॉवर (सेंट्रल एसीची उष्णता पाण्याची वाफ करून बाहेर टाकणारं यंत्र) असेल तर त्याचं लॉगबुक, आणि हवामान खात्याकडून तुमच्या जवळच्या केंद्राचे पावसाचे आकडे, शक्यतो रोजचे आणि निदान १० वर्षांचे, जास्त मिळाले तर फारच छान.

सामान: मोठी मेजरिंग टेप, बादली, खाण्याचा रंग, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवतो), पीएच स्ट्रिप्स (पाणी आम्लधर्मी आहे का ते दाखवतात), फोनचा कॅमेरा, एक्सेल शीट.

ड्रॉइंग सापडत नाही ही जुन्या बिल्डिंगची कायमची रड आहे. सापडलं तरी त्यावर शंभर टक्के विश्वास ठेवू नका, का ते पायरी ४ मधे येईल.

१. पाणी कुठे वापरणार ते ठरवा

पावसाचं पाणी कमर्शियल बिल्डिंगमधे मुख्यतः चार ठिकाणी जातं: टॉयलेटचा फ्लश, कूलिंग टॉवर, बाग, आणि फरशी-पार्किंग धुणं. पिण्यासाठी सुद्धा करता येतं पण त्याला शुद्धीकरण, सततची तपासणी आणि परवानग्या या सगळ्याचा खर्च वेगळाच आहे. सिएटलमधलं बुलिट सेंटर नावाचं सहा मजली ऑफिस २०१३ मधे सुरू झालं, त्याच्या तळघरात ५६,००० गॅलनची म्हणजे साधारण २ लाख १२ हजार लिटरची पावसाच्या पाण्याची टाकी आहे, पहिल्यापासून पिण्याच्या हिशोबाने डिझाइन केलेली, आणि तरी ते पाणी प्रत्यक्ष प्यायला वापरायची परवानगी मिळेपर्यंत पुढे काही वर्षं गेली. म्हणून पहिल्या टप्प्यात पिण्याचा विचार बाजूला ठेवा असं माझं स्पष्ट मत आहे.

फ्लशचा अंदाज सोपा आहे. ६ लिटरचा फ्लश, माणशी दिवसाला तीन वेळा, म्हणजे १८, आपण २० लिटर धरू. ३०० माणसं असतील तर रोज ६,००० लिटर.

कूलिंग टॉवर असेल तर मात्र आधी तिकडे बघा. फुल लोडवर एक टन रेफ्रिजरेशनमागे (हा वजनाचा नाही, एसीच्या क्षमतेचा टन) तासाला साधारण ६ ते ७ लिटर पाणी नुसतं वाफ होऊन जातं. ३०० टनाचा प्लांट दिवसाला १० तास फुल लोडवर चालला तर २० हजार लिटर रोज, आणि टॉवरमधे क्षार वाढले म्हणून जे पाणी सोडून द्यावं लागतं ते अजून वेगळं. पावसाच्या पाण्यात क्षार नगण्य असतात, त्यामुळे तेच पाणी टॉवरमधे जास्त वेळा फिरवता येतं आणि सोडून द्यायचं पाणी कमी होतं, केमिकलचा खर्चही त्याबरोबर खाली येतो. शिवाय सगळं पाणी एकाच जागी लागतं, म्हणजे एक पाइप टाकला की काम झालं. फक्त केमिकल ट्रीटमेंटवाल्याला आधी कल्पना द्या, कारण पावसाचं पाणी थोडं आम्लधर्मी असतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून स्वच्छ हवेत सुद्धा पीएच ५.६ च्या आसपास येतो, आणि इतकं मऊ पाणी धातूला खातं. टॉवरमधून तुषार उडतात आणि ते लोकांच्या श्वासात जाऊ शकतात, त्यामुळे लिजिओनेला बॅक्टेरियाचा धोका असतो, तिथे निर्जंतुकीकरणात अजिबात काटकसर नको.

शक्य असेल तर महिनाभर आधी फ्लशच्या लाइनवर आणि टॉवरच्या लाइनवर वेगळे मीटर बसवा. आम्ही बसवले तेव्हा कळलं की फ्लशचं पाणी आमच्या अंदाजापेक्षा बरंच जास्त जातंय, आणि शोधलं तर दोन सिस्टर्न, म्हणजे फ्लशच्या टाक्या, रात्रंदिवस गळत होते! गळती काढायला जवळजवळ काहीच खर्च आला नाही आणि रोजचं पाणी वाचलं ते वेगळं. हार्वेस्टिंगच्या आधी गळती काढणं हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगते.

२. छत किती पाणी देईल

१ चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी. एवढं लक्षात ठेवलं की बाकी सगळं यातून निघतं.

पण पडलेलं सगळं पाणी टाकीपर्यंत येत नाही. पत्र्याच्या छतावरून साधारण ९० टक्के येतं, वॉटरप्रूफ केलेल्या काँक्रीटच्या गच्चीवरून ८० ते ८५, पेव्हर ब्लॉकवरून अंदाजे निम्मं, आणि हिरवी गच्ची केली असेल तर त्याहून कमी कारण माती आणि झाडं आधी पितात. मग फिल्टरमधे अजून १० टक्के जातं असं धरायचं.

समजा काँक्रीटची १,५०० चौरस मीटर गच्ची, वर्षाचा पाऊस ८०० मिलिमीटर. १,५०० × ८०० × ०.८५ × ०.९ म्हणजे ९ लाख १८ हजार लिटर. म्हणजे दर मिलिमीटरला साधारण १,१४८ लिटर टाकीत येतं.

आता हीच गच्ची दोन मजली ऑफिसवर असेल, ३०० माणसं, वर्षाचे ३०० कामाचे दिवस, तर फ्लशची वर्षाची गरज १८ लाख लिटर. पाऊस निम्मी गरज भागवू शकतो. तेवढीच गच्ची वीस मजली टॉवरवर असेल आणि ३,००० माणसं असतील तर रोज ६०,००० लिटर लागतं आणि वर्षभराचा सगळा पाऊस १५ दिवसांत संपतो. वीस मजल्यांमधून दुसरी पाइपलाइन टाकायची ती १५ दिवसांच्या पाण्यासाठी? अशा बिल्डिंगने फक्त तळमजल्याचे टॉयलेट, बाग किंवा कूलिंग टॉवर एवढंच धरावं. मॉल, गोदाम, कारखान्याची शेड, शाळा, हॉस्पिटलची पसरट इमारत इथे गणित जास्त चांगलं बसतं कारण माणशी छत भरपूर असतं.

३. महिन्याचा तक्ता करा, इथेच खरा निर्णय होतो

वर्षाच्या आकड्यावर थांबू नका. कोटेशन देणारे बहुतेक जण तिथेच थांबतात, "सर तुम्हाला वर्षाला ९ लाख लिटर मिळेल" असं म्हणतात, आणि ते पाणी एकदम पडणार की हप्त्याहप्त्याने हे कोणी सांगत नाही.

वरचंच उदाहरण घेऊ. महिन्याची फ्लशची गरज दीड लाख लिटर. समजा ८०० पैकी ७४० मिलिमीटर पाऊस चारच महिन्यांत पडतो, १५०, २५०, २२० आणि १२० असा, आणि बाकी ६० इकडेतिकडे. तर पहिल्या महिन्यात १ लाख ७२ हजार लिटर येतं, दुसऱ्यात २ लाख ८७ हजार, तिसऱ्यात २ लाख ५२ हजार, चौथ्यात १ लाख ३८ हजार. गरज वजा केली तर पहिल्या तीन महिन्यांत मिळून २ लाख ६१ हजार लिटर जास्तीचं उरतं आणि चौथ्या महिन्यात १२ हजार कमी पडतं.

आता टाकीचे दोन पर्याय बघा. ५० हजार लिटरची टाकी घेतली तर चार महिन्यांची गरज भागते, शेवटी टाकीत जे ३७-३८ हजार उरतं ते पुढच्या महिन्यात जातं, बाकीच्या महिन्यांतला किरकोळ पाऊस धरला तर वर्षाला साधारण ७ लाख लिटर वापरात येतं. जास्तीचं सगळं पाणी धरायला २ लाख ६१ हजारांची टाकी घेतली तर पूर्ण ९ लाख १८ हजार. टाकी पाचपट मोठी आणि पाणी फक्त ३० टक्के जास्त! आणि ती मोठी टाकी वर्षातून एकदाच भरते, एकदाच रिकामी होते, मग कित्येक महिने जवळपास रिकामी पडून राहते. छोटी टाकी त्याच चार महिन्यांत अनेक वेळा भरते आणि रिकामी होते, म्हणून तिच्यात घातलेला पैसा जास्त काम करतो.

उलट हाच ८०० मिलिमीटर पाऊस बाराही महिने सारखा पडत असेल, महिन्याला साधारण ६७ मिलिमीटर, तर महिन्याला ७६ हजार लिटर येतं, गरज त्याच्या दुप्पट आहे त्यामुळे उरायचा प्रश्नच नाही, आणि दोन-तीन आठवड्यांची साठवण असली तरी जवळपास सगळं पाणी वापरलं जातं. बिल्डिंग तीच, वर्षाचा पाऊस तोच, पण खर्चाचं गणित पूर्ण वेगळं. म्हणून दुसऱ्या गावातल्या बिल्डिंगची टाकी बघून आपली ठरवू नका.

एक सावधगिरी: महिन्याचा हिशोब थोडा आशावादी असतो. एकाच दिवसात ४५ मिलिमीटर पडला तर ५० हजारांची रिकामी टाकी त्या एका दिवसात भरते आणि दुसऱ्या दिवशी परत पडला तर बरचसं ओव्हरफ्लोला जातं. महिन्याच्या तक्त्यात हे दिसत नाही. म्हणून रोजचे आकडे मिळाले तर एक्सेलमधे रोजचा हिशोब मांडा: कालचं टाकीतलं पाणी अधिक आज आलेलं वजा आज वापरलेलं, टाकीपेक्षा जास्त झालं तर ते वाया, शून्याखाली गेलं तर तेवढं नळाचं. १० वर्षांच्या आकड्यांवर हा एकच फॉर्म्युला खाली ओढायचा आणि टाकीचा आकार बदलून बदलून बघायचं, २५ हजार, ५० हजार, ७५, १ लाख. एका ठिकाणानंतर टाकी वाढवूनही पाणी फारसं वाढत नाही, तो आकडा तुमचा. मला हे करायला एक पूर्ण रविवार लागला आणि त्या एका शीटमुळे आमची टाकी पहिल्या कोटेशनच्या निम्म्यापेक्षा लहान झाली.

४. गच्चीवर स्वतः जा, बादली घेऊन जा

ही पायरी सगळे टाळतात आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

आमच्या ड्रॉइंगवर गच्चीचे १२ आउटलेट होते आणि सगळे पावसाळी गटाराला जोडलेले दाखवले होते. मी आणि आमचा प्लंबर, आम्ही प्रत्येक आउटलेटमधे खाण्याच्या लाल रंगाची एक एक बादली ओतली, एक जण खाली चेंबरची झाकणं उघडून उभा, फोन चालू. पहिल्या आठ आउटलेटना खाली बरोबर लाल पाणी आलं. नवव्याला काहीच नाही. पाच मिनिटं थांबलो, परत एक बादली, काही नाही. मग तो खालचा माणूस सहज म्हणून सांडपाण्याच्या चेंबरकडे गेला तर तिथे लाल पाणी! कधीतरी कोणीतरी दुरुस्तीत तो पाइप टॉयलेटच्या लाइनला जोडून टाकला होता. असे दोन निघाले, आणि एक आउटलेट तर पूर्ण बुजलेला. म्हणजे गच्चीचा जवळपास पाव भाग टाकीला जोडलेलाच नसता आणि सांडपाण्याचा वास उलटा येण्याची भीती वेगळी. बारा बादल्या आणि एक सकाळ, एवढ्यात हे कळलं.

गच्चीवर अजून काय बघायचं: उतार आउटलेटकडे आहे का की मधे डबकी साचतात, कबुतरं बसतात का, डिझेल जनरेटरचा धूर कुठे निघतो, कूलिंग टॉवरचे तुषार कुठे पडतात, वॉटरप्रूफिंग कसलं आहे (डांबराचं असेल तर पाण्याला रंग आणि वास येतो), शिसं, तांबं किंवा जस्त लावलेले पत्रे आहेत का. आणि किचनचा एक्झॉस्ट. हे ठळक करून सांगते कारण आमच्या कँटीनचा एक्झॉस्ट गच्चीवर निघतो, त्याच्या भोवती दोन-तीन मीटर फरशीवर चिकट तपकिरी थर होता, रोज बघायची सवय झालेली म्हणून लक्षातच आलं नाही. पहिल्या पावसात टाकीवर तेलाचा तवंग आला आणि फिल्टरची जाळी तेलकट होऊन बसली, हाताला साबणाशिवाय निघेना. शेवटी गच्चीचा तेवढा कोपरा छोटा बांध घालून वेगळा केला, तिथलं पाणी टाकीत घेतच नाही. तेवढं पाणी गेलं तरी चालतं.

५. साठवायचं की जिरवायचं

साठवलेलं पाणी बिल कमी करतं. जिरवलेलं पाणी भूजल वाढवतं पण तुमच्या बिलात थेट काही दिसत नाही, तुमची स्वतःची बोअर किंवा विहीर असेल तर फायदा होऊ शकतो. जिरवण्याचा खर्च मात्र साधारणपणे बराच कमी. बहुतेक बिल्डिंगना दोन्हीचं मिश्रण योग्य: मोजकी टाकी, आणि तिचा ओव्हरफ्लो शोषखड्ड्यात.

जमीन पाणी पिते का ते बघायला खड्डा खणून पाणी भरा, एकदा जिरू द्या, परत भरा आणि तासाला किती सेंटिमीटर उतरतं ते मोजा. चिकणमाती किंवा सलग खडक असेल तर पाणी हलतच नाही. भूजलाची पातळी आधीच वर असेल, पाया जवळ असेल किंवा बाजूला तळघर असेल तर तिथे खड्डा नको, ओल भिंतीतून आत येते. पार्किंगच्या फरशीवरचं पाणी तेलासकट असतं, ते न गाळता जमिनीत सोडायचं नाही. गच्चीचा पाइप सरळ बोअरमधे सोडणं तर अजिबात नाही, एकदा भूजल घाण झालं की ते तुमच्या हाताने साफ होत नाही.

६. फर्स्ट फ्लश, फिल्टर, टाकी

पहिल्या पावसाचं पाणी गच्चीवरची धूळ आणि विष्ठा घेऊन येतं म्हणून ते बाहेर सोडतात, साधारण अर्धा ते दोन मिलिमीटर. घरगुती सिस्टिममधे हे एका उभ्या पाइपमधे मावतं. आपल्या १,५०० चौरस मीटरला १ मिलिमीटर म्हणजे १,५०० लिटर. तो पाइप इथे काही कामाचा नाही, वेगळं चेंबर किंवा मोटराइज्ड व्हॉल्व्ह लागतो. कोटेशनमधे "फर्स्ट फ्लश: १ नग" असं लिहिलेलं असेल तर किती लिटरचा ते विचारा.

फिल्टरचंही तसंच. तासाला १०० मिलिमीटरच्या वेगाने पाऊस पडला तर या गच्चीवरून सेकंदाला जवळपास ४२ लिटर पाणी खाली येतं. फिल्टर तेवढं घेत नसेल तर पाणी गच्चीवर तुंबतं, म्हणून बायपास, म्हणजे जास्तीचं पाणी फिल्टर टाळून जायची वाट, हवाच. ओव्हरफ्लोचा पाइप आत येणाऱ्या पाइपाएवढाच मोठा हवा, आणि त्यावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, नाहीतर रस्त्यावरचं गटार भरलं की घाण पाणी उलटं टाकीत शिरतं.

टाकीत पाणी वरून धबाधबा पडू देऊ नका, पाइप तळापर्यंत नेऊन तोंड वर वळवा म्हणजे तळाचा गाळ ढवळला जात नाही. पंपाचं सक्शन, म्हणजे पाणी ओढायचं तोंड, तरंगतं ठेवा, पृष्ठभागाच्या थोडं खालून पाणी घेतलं की ते सगळ्यात स्वच्छ मिळतं. टाकी अंधारी हवी, आत उजेड शिरला की शेवाळं. प्रत्येक व्हेंटला आणि ओव्हरफ्लोला डासांची बारीक जाळी.

जागेबद्दल: १ हजार लिटर म्हणजे १ टन वजन. जुन्या गच्चीवर १० हजार लिटर ठेवायच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनियरचं लेखी मत घ्या, तोंडी नको. आणि जमिनीखालच्या टाकीचा एक धोका अनेकांना माहीतच नसतो: आजूबाजूला भूजल वर आलं आणि टाकी रिकामी असली तर ती होडीसारखी वर उचलली जाते. ५० हजारांच्या टाकीखाली ५० टनांहून जास्त जोर येऊ शकतो. प्लास्टिक किंवा फायबरची टाकी असेल तर अँकरिंग (टाकी खाली घट्ट बांधून ठेवणं) आणि तळाचा काँक्रीटचा स्लॅब कोटेशनमधे आहे का ते बघाच.

७. दुसरी पाइपलाइन

पावसाचं पाणी आणि पिण्याचं पाणी कुठेही एकमेकांना जोडलेलं नको. व्हॉल्व्ह लावून सुद्धा नको, व्हॉल्व्ह कधीतरी फेल होतो किंवा कोणीतरी उघडतो. पाऊस नसताना नळाचं पाणी टाकीत घ्यावंच लागतं, ते वरून मोकळ्या हवेत पडलं पाहिजे, नळाचं तोंड आणि पाण्याची सगळ्यात वरची पातळी यात अंतर ठेवून, म्हणजे उलटं ओढलं जायचा प्रश्नच येत नाही. पाइपांना वेगळा रंग आणि दर थोड्या अंतरावर "पिण्यासाठी नाही" अशी पट्टी. पाच वर्षांनी येणारा प्लंबर तुम्हाला विचारणार नाही, तो पाइपाकडे बघणार.

नवी बिल्डिंग असेल तर ही लाइन डिझाइनमधेच घ्या, तेव्हा जादा खर्च फक्त पाइपाचा असतो. आत्ता सिस्टिम करायची नसली तरी पाइप टाकून ठेवा. जुन्या बिल्डिंगमधे मात्र प्रत्येक टॉयलेटच्या टाइल्स फोडायच्या, डक्ट उघडायचे, ऑफिस बंद ठेवायचं, आणि अनेकदा प्रोजेक्ट इथेच फिस्कटतो. आमच्याकडे टॉयलेट एकाखाली एक होती आणि डक्टमधे जागा होती म्हणून निभावलं. तशी रचना नसेल तर फ्लशचा हट्ट सोडा आणि टॉवर, बाग, धुणं यावर या.

८. खर्च कसा मांडायचा

तुमच्या गावचे दर मला सांगता येणार नाहीत आणि दर वर्षी बदलतात, पण रचना सगळीकडे सारखीच. सगळ्यात मोठा वाटा बहुतेक वेळा टाकीचा, त्यात खोदकाम आणि वॉटरप्रूफिंग धरून. जुन्या बिल्डिंगमधे त्याच्या मागोमाग दुसरी पाइपलाइन आणि तोडफोड दुरुस्ती. मग गच्चीचे पाइप एकत्र आणणं, फिल्टर, पंप आणि पॅनल, मीटर-सेन्सर, डिझाइन आणि परवानगी. खोदकामात खडक लागला तर सगळं अंदाजपत्रक बदलतं म्हणून त्याचा वेगळा दर आधीच लिहून घ्या.

दरवर्षीचा खर्च वेगळा लिहा: फिल्टर आणि गच्चीची सफाई, टाकी धुणं, पाणी तपासणी, निर्जंतुकीकरण, वीज. विजेची लोक उगाच धास्ती घेतात. १,००० लिटर पाणी ३० मीटर उंच चढवायला पंपाची कार्यक्षमता ५० टक्के धरली तरी साधारण ०.१६ युनिट लागतं. खरी गळती चुकीच्या मोठ्या पंपात असते, जो दोन नळ उघडले तरी पूर्ण ताकदीने सुरू होतो.

तुलनेसाठी मी सगळं वर्षाच्या पाणीबिलाच्या पटीत मांडते, कमिटीला पटकन कळतं. समजा पूर्ण सिस्टिमचा खर्च वर्षाच्या बिलाच्या ६ पट आहे, बिल ४० टक्के कमी होतं, आणि मेंटेनन्सला बिलाच्या ५ टक्के लागतात. निव्वळ बचत ३५ टक्के, ६ भागिले ०.३५, म्हणजे १७ वर्षं. तेच फक्त बाग आणि टॉवर धरून छोटी सिस्टिम केली, खर्च दीड पट, बचत २० टक्के, मेंटेनन्स ३ टक्के, तर १.५ भागिले ०.१७, म्हणजे ९ वर्षांच्या आत. हे आकडे उदाहरणाचे आहेत, पद्धत महत्त्वाची. १७ वर्षांत पंप तरी एकदा बदलावा लागेल, तोही धरा.

बचतीच्या बाजूला काही गोष्टी सुटतात त्या लिहा. सांडपाण्याचा चार्ज नळाच्या पाण्याच्या मीटरवर लागत असेल तर तो पण कमी होतो का. पावसाळी पाण्यावर कर असेल तर त्यात सूट आहे का. टँकरचं पाणी घेत असाल तर दर नळाच्या दराने न धरता टँकरच्या दराने धरा, फरक मोठा पडतो. सॉफ्टनरचं (पाणी मऊ करायच्या यंत्राचं) मीठ, टॉवरचं केमिकल. आणि पाणी तुटलं म्हणून ऑफिस बंद ठेवावं लागलं असे दिवस असतील तर त्याची किंमत कंपनीला तुमच्यापेक्षा चांगली माहीत आहे, तो आकडा त्यांच्याकडूनच घ्या.

९. कोटेशन मागताना

तीन जणांना बोलवा, पण तिघांना तुमची शीट आणि तुम्ही ठरवलेला टाकीचा आकार द्या, नाहीतर तीन वेगळ्या सिस्टिमची तीन कोटेशन येतात आणि तुलना होत नाही. लेखी मागा: पावसाचे आकडे कुठले आणि किती वर्षांचे वापरले, फिल्टर सेकंदाला किती लिटर घेतो, फिल्टर साफ करायला माणूस कुठे उभा राहणार. शेवटचं साधं वाटतं पण आमचा फिल्टर आधी तीन मीटर उंचीवर भिंतीला लावायचा बेत होता, पावसात शिडी लावून तिथे कोण चढलं असतं? खाली चेंबरमधे आणायला लावला. शेवटचा हप्ता पहिला मोठा पाऊस होऊन सगळं तपासल्यावरच, हे करारात घाला. उन्हाळ्यात नळाचं पाणी भरून दिलेला डेमो चालणार नाही.

१०. पहिला पावसाळा

पाऊस सुरू व्हायच्या आधी गच्ची झाडून धुऊन घ्या, आउटलेटच्या जाळ्या बघा. पहिले दोन-तीन पाऊस टाकीला न घेता बाहेर सोडले तरी हरकत नाही. मग टाकीतलं पाणी पारदर्शक ग्लासात घेऊन उजेडात धरा, वास घ्या, टीडीएस आणि पीएच बघा. काँक्रीटच्या नव्या टाकीत पीएच सुरुवातीला खूप वर जातो, सिमेंटमुळे, घाबरू नका, एक-दोनदा भरून रिकामी केली की खाली येतो.

पावसाळ्यात फिल्टर दर आठवड्याला आणि मोठ्या पावसानंतर लगेच उघडून बघा. टाकीतल्या दोन मीटरचं, म्हणजे पावसाचं किती आलं आणि नळाचं किती घेतलं, याचं रीडिंग रोज एका वहीत लिहायला लावा. आमच्याकडे दुसऱ्याच महिन्यात धो धो पाऊस चालू असताना नळाचा मीटर फिरत होता. बघितलं तर फ्लोट व्हॉल्व्ह फार वर बसवलेला, टाकी थोडी रिकामी झाली की नळाचं पाणी येऊन भरून टाकायचं आणि पावसाला जागाच उरत नव्हती. फ्लोट खाली, टाकीच्या तळापासून एका दिवसाच्या गरजेएवढ्या पातळीवर आणला. वही नसती तर हे आम्हाला पावसाळा संपल्यावर बिल बघून कळलं असतं. ती वही अजून पंपरूमच्या दाराला दोरीने बांधलेली आहे, सिक्युरिटीचा सकाळच्या पाळीचा माणूस ड्यूटीवर आला की आधी रीडिंग लिहितो आणि मग चहाला जातो.